एलसीडी मॉनिटरमधील पार्श्वप्रकाश बिघाड

पार्श्वप्रकाश बिघाड हा जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये आढळणारा दोष आहे. यात चित्र एक-दोन सेकंद दिसून पडदा काळा पडतो. मात्र मॉनिटरचा दर्शक दिवा चालू राहतो. एलसीडी पटल स्वयंप्रकाशी नसल्याने प्रतिमा तयार होऊनही ती दिसत नाही.

कारणे

एलईडीचा वापर रूढ होण्यापूर्वी मॉनिटरमध्ये सीसीएफएल प्रकारच्या बारीक प्रतिदीप्त नळ्या असत. त्यांना इन्व्हर्टरद्वारे शेकडो व्होल्टचा प्रत्यावर्ती विद्युतदाब मिळतो. एखादी नळी जीर्ण झाल्यास किंवा इन्व्हर्टरचे रोहित्र बिघडल्यास संरक्षक परिपथ सर्व नळ्या बंद करतो. वीजपुरवठ्याच्या पट्टीवरील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने निकामी होणे हेही नेहमीचे कारण आहे.

निदान

प्रथम केबल घट्ट बसवून, नंतर केबल व संगणक बदलून पाहतात. दोष कायम राहिल्यास अंधारात काळ्या पडद्यावर विजेरीचा तिरका झोत टाकतात. पुसट चित्र दिसल्यास दोष पार्श्वप्रकाशात असल्याचे निश्चित होते.

दुरुस्ती

माथा फुगलेला कपॅसिटर बदलताना नव्याची धारकता तितकीच आणि व्होल्ट-क्षमता समान वा अधिक असावी लागते. त्याची अग्रे उलट जोडल्यास तो फुटू शकतो. कपॅसिटर सुस्थितीत असल्यास नळ्या व इन्व्हर्टर तपासतात.

सुरक्षितता

प्लग काढल्यानंतरही वीजपुरवठ्याच्या मुख्य कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो, त्यामुळे हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाने करणे योग्य ठरते. नळ्यांमध्ये पारा असल्याने निकामी मॉनिटर घरगुती कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात देणे आवश्यक असते.