आधी इंजिनिअर, मग बयाना

नाशिकमध्ये घर घेताना आपली माणसं सातबारा बघतात, सर्च रिपोर्ट काढतात, मशीद किती लांब तेही विचारतात. भिंत मात्र कुणी ठोकून बघत नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने मे महिन्यात फ्लॅट घेतला, ताजा रंग बघून. जुलैत बेडरूमचा कोपरा काळा पडला. अम्मीच्या दागिन्यांचे पैसे त्यात गेले होते.

आपल्यातली बरीच कुटुंबं सूद नको म्हणून बँकेचं कर्ज घेत नाहीत. चांगलंच आहे. पण कर्ज असलं की बँकेचा वकील कागद तपासतो, व्हॅल्युअर घर बघून जातो. तोही बँकेच्या पैशापुरतंच बघतो म्हणा! कर्ज नसलं तर तेवढंही कुणी येत नाही. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर आपणच न्यायचा, आणि तो विकणाऱ्याच्या किंवा दलालाच्या ओळखीचा नको.

फ्लॅट असेल तर पार्किंगमधले कॉलम आधी बघा. उभ्या सरळ चिरा असतील तर बहुधा आतली सळई गंजून फुगलेली असते. प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजलं तर शंका घ्या. बाथरूमच्या पाठची भिंत, कपाटामागची जागा, गच्ची, पाण्याची टाकी हेही बघायचं. शंका राहिलीच तर इंजिनिअर रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा अंदाज घेतो.

जुन्या नाशकातल्या वाड्यांचं वेगळं. तुळयांना वाळवी, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, आणि गोदावरी. 2008, 2016, 2019 चे पूर आठवा. घर निळ्या किंवा लाल पूररेषेत येतं का, हे महापालिकेत विचारा. काझी गढीची माती पावसाळ्यात कशी ढासळते, ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. 30 वर्षांहून जुन्या इमारतीला कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. त्याचा दाखला मागून घ्या.

नवीन घरात ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला आणि कळवला, तर रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. जुन्या घराला ही सोय नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विकणाऱ्याला लपलेला मोठा दोष सांगावा लागतो, पण साधारण काळजीने दिसला असता असा दोष तुम्ही बघितलाच नाही, तर तक्रार टिकणं अवघड.

मदिनेच्या बाजारात हुजूर ﷺ यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, ती हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. ओलं धान्य वर ठेवायला हवं होतं, लोकांना दिसेल असं. फिकहमध्ये खियार-ए-ऐब आहे: सौद्याच्या आधीचा लपलेला दोष नंतर कळला तर माल परत करता येतो. दोष बघून कबूल केला, तर तो हक्क जातो.

इसार पावतीत एक ओळ लिहून घ्या: इंजिनिअरच्या तपासणीत मोठा दोष निघाल्यास बयाना परत. विकणारा या ओळीला नाही म्हणाला, तर का म्हणाला ते विचारा. आणि जमलं तर घर जुलै-ऑगस्टमध्ये, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर बघायला जा.