१०५ तोंडं, तीन झडपा

१९९३. घड्याळ इथूनच लावायला हवं. मुंबईची पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस झेलणारी, तेही ओहोटी असेल तर. क्षमता दुप्पट करा, असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल त्या वर्षी महापालिकेकडे आला आणि बराचसा कपाटातच राहिला. (आपल्या श्रीगोंदा नगरपरिषदेच्या गटारांच्या अंदाजपत्रकात हा आकडा किती धरलाय, एकदा विचारून बघा.)

२६ जुलै २००५, सकाळी ८.३०. सांताक्रूझ. पुढच्या तीन तासांत पुरता एक मिलिमीटरही पाऊस नाही.

११.३०. अडीचपर्यंत १८. जुलैच्या मानानं किरकोळच.

दुपारी २.३०. आभाळ फाटलं. साडेतीनपर्यंत १९० मिलिमीटर! कुलाब्याला मात्र अख्ख्या दिवसात जेमतेम ७३. त्यामुळे फोर्ट-चर्चगेटच्या कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरात काय चाललंय याचा पत्ताच नाही. माणसं नेहमीसारखी लोकलला निघाली.

३.५०. भरती, ४.४८ मीटर. गटारांची समुद्रात उघडणारी तोंडं १०५, त्यांतल्या फक्त तिनांना झडपा. बाकीच्यांतून पाणी बाहेर पडणं राहिलं दूर, समुद्रच आत यायला लागला. विहार-पवईचं जादा पाणी घेऊन येणारी मिठी नदी विमानतळासाठी काटकोनात वळवलेली, पुढे भराव आणि शेडांनी आवळलेली. ती कुर्ला-कलिन्यात घुसली.

५.३०. तीन तासांत ४८१. श्रीगोंद्याचं अख्खं वर्ष साधारण एवढ्यावर निघतं. लोकल जागच्या जागी उभ्या, माणसं रुळांवरून चालत घराकडे. उपनगरांत वीज गेलेली, मोबाइल मुके.

रात्री ८.३०. जोर ओसरला असं वाटेपर्यंत पुन्हा सुरू. साडेअकरापर्यंत आणखी २१६. रस्त्यात अडकलेल्या मोटारींच्या काचा विजेवर चालणाऱ्या. पाणी शिरल्यावर त्या खाली होईनात, दारं उघडेनात. काही जण आतच गुदमरून गेले. साकीनाक्याला दरड झोपड्यांवर आली.

२७ जुलै, सकाळी ८.३०. चोवीस तासांची नोंद ९४४ मिलिमीटर. विमानतळ बंद. मुंबईतले मृत चारशेच्या वर.

मग तो अहवाल कपाटातून बाहेर निघाला. हाजी अली आणि इर्ल्याला पंपिंग स्टेशनं झाली, नाले रुंद करायला घेतले. हिशेब मात्र १९९३ चाच राहिला, तासाला ५० मिलिमीटर.