बेमिजी येथील पॉल बन्यनचा पुतळा

उत्तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा संस्थानांत, एका सरोवराच्या कांठीं बेमिजी नांवाचें लहान शहर आहे. तेथें रस्त्याच्या कडेस १८ फूट उंचीचा एक दाढीवाला पुरुष व त्याच्या शेजारीं एक निळा बैल असे दोन पुतळे उभे आहेत. पुरुषाचें नांव पॉल बन्यन. हा तिकडील लांकूडतोड्यांचा कथापुरुष होय. पुतळे पाहून वाटसरूचा असा ग्रह होतो कीं, या अरण्यांत झाडें तोडणाऱ्या लोकांच्या तोंडीं ज्या कथा होत्या, त्याच गांवानें परंपरेनें जतन करून येथें मूर्त केल्या. हा ग्रह पुराव्यास कितपत उतरतो, हें आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम साधनांचा काल. पॉल बन्यनचा उल्लेख डुलुथ येथील वृत्तपत्रांत १९०४ सालीं आलेला आहे. १९०६ सालीं मिशिगन संस्थानांतील जेम्स मॅकगिलिव्हरे यानें एक कथा छापली, व तीच १९१० सालीं डेट्रॉइटच्या वृत्तपत्रांत विस्तारानें आली. वाटोळ्या नदीची ही कथा. ओंडके नदींत लोटून लांकूडतोडे प्रवाहाबरोबर निघाले. वाटेंत आपल्यासारखाच एक तळ लागला, पुढें पुन्हां तसाच लागला. तेव्हां त्यांस उमगलें कीं, नदीस मुखच नाहीं आणि आपण आपल्याच तळावरून फिरत आहों. हा विनोद छापखान्यांत जन्मलेला नव्हे. हिंवाळ्याच्या रात्रीं शेगडीभोंवतीं बसून नवख्यास बनविणाऱ्या लोकांचा तो आहे. १९१६ सालीं बर्निस स्टुअर्ट व होमर वॉट या दोघांनीं विस्कॉन्सिनकडील कथा गोळा करून प्रसिद्ध केल्या. त्यांतही निळा बैल आहे. सबब मौखिक परंपरा मुळींच नव्हती, असें म्हणतां येत नाहीं.

परंतु ती फार विस्तृतही नव्हती. तिचा फुगवटा दुसरीकडून झाला. रेड रिव्हर लंबर कंपनी या लांकूडव्यापारी मंडळीनें मिनेसोटांतून कॅलिफोर्नियांत कारभार नेल्यावर १९१४ सालीं गिऱ्हाइकांकरितां एक पुस्तिका काढिली. लिहिणारा व चित्रें काढणारा विल्यम लॉफेड. तो स्वतः पूर्वीं लांकूडतोड्यांच्या तळांवर राबलेला होता, म्हणून त्याच्या लिहिण्यास अस्सलपणाचा वास आहे. पण बैलाचें ‘बेब’ हें नांव त्यानेंच ठेविलें. म्हणजे बैल लोकांचा आणि नांव जाहिरातीचें. पुढें १९२५ सालीं जेम्स स्टीव्हन्स यानें या पुरुषाचा संबंध कॅनडांतील १८३७ च्या बंडाशीं जोडला. त्यास समकालीन कागदाचा आधार मिळालेला नाहीं.

उंचीचा पुरावा आम्हांस विशेष बोलका वाटतो. स्टुअर्ट व वॉट यांच्या पॉलची उंची सात फूट आहे! बेमिजीचा १८ फूट, मेन संस्थानांतील बँगरचा १९५९ सालचा ३१ फूट, कॅलिफोर्नियांतील क्लॅमथचा ४९ फूट. पुतळा मूळ पुरुषाहून थोर करावयाचा, हें आम्ही जाणतों. तरीपण आमच्या बखरींत प्रसंगापासून लेखक जितका दूर, तितकी लढाईंतील फौज मोठी, हा जो अनुभव आहे, त्याची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आतां बेमिजीचा पुतळा. तो १९३७ सालच्या जानेवारींत हिंवाळी उत्सवाकरितां उभा झाला. आर्थिक मंदी चालू होती, पांढऱ्या पाइनचीं जुनीं अरण्यें तोडून संपलीं होतीं, आणि गांवास आतां ओंडक्यांऐवजीं प्रवासी हवे होते. बैल तर आरंभीं मोटार ट्रकवर बसविलेला असून त्याच्या नाकपुड्यांतून धूर निघे. पुतळ्याकरितां त्या वेळच्या नगराध्यक्षांचीं मापें घेऊन तीं तिप्पट केलीं, असें सांगतात. तेव्हां हा लांकूडतोड्यांच्या काळाचा पुरावा नव्हे, १९३७ सालच्या गांवाचा आहे, आणि त्या नात्यानें तो अस्सल आहे. रिचर्ड डॉर्सन यानें १९५० सालीं अशा कथांस बनावट लोकवाङ्मय ठरविलें. ग्रंथांपुरतें त्याचें म्हणणें आम्हांस बहुतांशीं मान्य आहे. दगड-सिमेंटास तें लावतां येत नाहीं. १९८८ सालीं हे दोन्ही पुतळे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहींत दाखल झाले, हें योग्यच झालें.

या प्रकाराचा शेवटही मौजेचा आहे. १९६२ च्या सुमारास बॉब प्रेविट यानें ॲरिझोनांतील एका उपाहारगृहाकरितां फायबर ग्लासचा पॉल बन्यन तयार केला. पुढें त्याच सांच्यांतून देशभर दुकानांपुढील बाहुले निघाले. कुऱ्हाड धरण्याकरितां वळविलेल्या त्यांच्या हातांत कोठें मोटारीची धुराची नळी, तर कोठें आणखी कांहीं. जाहिरातींत वाढलेला वीर अखेर जाहिरातींतच गेला.

पण बेमिजीच्या सरोवरकांठीं दुसराही एक पुतळा आहे, आणि त्याची कथा बनावट नाहीं. शहर १८९६ सालीं स्थापन होण्यापूर्वींच ओजिब्वे लोकांतील शेनोविशकुंग हा पुरुष या सरोवराच्या दक्षिण तीरीं कुटुंबासह राहत होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं त्यास ‘चीफ बेमिजी’ म्हटलें. वस्तुतः बेमिजी हें त्याचें नांव नव्हे, तें सरोवराच्या ओजिब्वे नांवावरून आलेलें आहे. १९०४ सालीं, म्हणजे डुलुथच्या पत्रांत पॉल बन्यनचा उल्लेख आला त्याच सालीं, तो वारला. कधींही न जन्मलेल्या पुरुषास गांवानें १८ फूट उंची व नगराध्यक्षाचें शरीर दिलें; ज्याच्या भूमीवर गांव वसलें, त्याचें नांवही नीट घेतलें नाहीं. त्याचा जुना लांकडी पुतळा होता. तो त्याच्यासारखा दिसत नाहीं, अशी तक्रार असे. २०१५ सालीं त्या जागीं ब्राँझचा नवा पुतळा बसविण्यांत आला, आणि त्यावर शेनोविशकुंग हें त्याचें खरें नांव आहे.