घरची मिलिंग

आमच्या किनाऱ्यावर होड्यांना शिडाच्या जोडीला इंजिन आलं, त्याचं कौतुक पुष्कळांनी केलं. पण इंजिन आलं म्हणजे त्याच्या मागोमाग आणखी बरंच काही गावात यावं लागतं. रेवस, थळ, रेवदंडा, मुरूड, राजपुरी, कुठल्याही बंदरात बघा. इंजिनाची ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचवते ती शाफ्ट. पंखा शाफ्टवर घसरू नये म्हणून दोघांच्या मध्ये एक चौकोनी चावी बसवतात आणि त्या चावीसाठी शाफ्टला लांबट खाच पाडतात. खाच नेमकी असली तर चावी वर्षानुवर्षं टिकते. केसाएवढी जरी ढिली राहिली, तरी होडी पुढं-मागं घेताना चावी आत हलते, खाच रुंदावत जाते आणि एक दिवस चावी कापली जाते. मग इंजिन गरगरतंय, पंखा जागच्या जागी, आणि होडी लाटांच्या हवाली.

ही खाच माझ्या लहानपणी छन्नी आणि कानशीनं पाडत. हात कितीही बसलेला असला, तरी खाचेच्या दोन्ही भिंती सरळ आणि समांतर येणं कठीण. नाहीतर शाफ्ट गोणपाटात गुंडाळून रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला न्यायची, माझगाव-रे रोडच्या एखाद्या वर्कशॉपात नंबर लावायचा, आणि दोन-तीन दिवसांनी परत यायचं. डोलीची मासेमारी उधाणाच्या जोरदार पाण्यावर चालते. उधाणाचे दिवस निघून गेले की भांगाच्या पाण्यात जाळ्यात फारसं काही पडत नाही. म्हणजे एका खाचेपायी अर्ध्या महिन्याची कमाई जायची.

या कामाचं खरं यंत्र म्हणजे मिलिंग मशीन. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार त्याला लागतं; मिलिंगवर हत्यार फिरतं आणि जॉब त्याखालून सरकतो. त्यामुळं सपाट पृष्ठभाग, खाचा, दाते, सगळं करता येतं. अमेरिकेत ब्राउन अँड शार्प कंपनीच्या जोसेफ ब्राउन यांनी १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला ड्रिलच्या पिळदार खाचा कापण्यासाठी नव्या पद्धतीचं मिलिंग मशीन तयार केलं, आणि पुढं ते जगभरच्या कारखान्यांत गेलं. आपल्याकडं सरकारनं बंगळुरूला एच.एम.टी. काढली ती १९५३ साली. पण असल्या यंत्राची किंमत गावच्या वर्कशॉपला झेपणारी नव्हती.

विकत घेता येत नाही ते घरीच करायचं, ही रीत मात्र या पाण्याच्या दोन्ही काठांना जुनी. ज्या माझगावात आमच्या शाफ्ट जात, तिथंच अर्देसर कर्सेटजी वाडिया राहत. जहाजं बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया घराण्यातले हे गृहस्थ. एकोणिसाव्या शतकात, आपल्याकडं आगगाडी यायच्याही आधी, त्यांनी घरच्या आवारात छोटी ओतशाळा उभारली आणि एक हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन स्वतः बनवलं. १८३४ साली आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो केलं. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. सुरुवात घरच्या भट्टीपासून झाली होती.

आमच्या गावात मिलिंग आली ती गिरणी संपामुळं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यातले कितीतरी कोकणातले. संप लांबला तशी माणसं गावाकडं परतू लागली. त्यांतच एका गिरणीच्या वर्कशॉपातले एक फिटर होते. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. ट्रंकेत कपडे थोडे आणि कानशी, स्क्रेपर, गुण्या, मायक्रोमीटर जास्त. गाववाले हसायचे, "मिलमधून आला नि आता घरात मिल बांधतोय!"

सामान आलं दारूखान्यातून. तिथं जुनी जहाजं तोडतात. भंगारात काय मिळणार नाही? एका मोडक्या लेथचे आडवे-उभे स्लाइड त्यांनी टेबलासाठी घेतले. खांब म्हणून जाड पाइप उभा करून त्यात काँक्रीट भरलं, कारण वजन नसेल तर कटर थरथरतो आणि खाच खडबडीत येते. पहिल्या महायुद्धात तोफगोळे कातायला अमेरिकेत काँक्रीटच्या बैठकीचे लेथ केले होते, हे मी फार पुढं वाचलं. मिस्त्रींना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

नुसत्या ड्रिल मशीनला कटर लावून का भागत नाही, हे त्यांनी आम्हां पोरांना समजावलं होतं. ड्रिलवर जोर वरून खाली येतो. मिलिंगमध्ये तो बाजूनं येतो, आणि मग चकच सुटून खाली पडतो. म्हणून त्यांनी स्पिंडलला जीपच्या चाकातले दोन टेपर बेअरिंग बसवले आणि कटर मागून लांब बोल्टनं आवळून धरला. मोटार पिठाच्या चक्कीची, एक हॉर्सपॉवरची.

खरं काम होतं सपाटीचं. सपाट मोजायला आधी सपाट काहीतरी हवं. ते आणायचं कुठून? त्याची जुनी युक्ती म्हणजे तीन पाट. एकाला शेंदूर-तेल लावून दुसऱ्यावर घासायचं, शेंदूर लागेल तो उंचवटा स्क्रेपरनं खरवडायचा. दोनच पाट असतील, तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते एकमेकांत बसतील आणि फसवतील. तिसरा पाट ती लबाडी उघडी पाडतो. तिन्ही एकमेकांशी जुळले की तिन्ही सपाट. इंग्लंडात व्हिटवर्थनं हीच पद्धत प्रसिद्धीला आणली होती. मिस्त्री संध्याकाळभर ओसरीवर खरवडत बसत. मारुतीला लागतो तोच शेंदूर, त्यामुळं म्हातारी माणसं त्यांना हटकत नसत.

पावसाळा सरता सरता मशीन चालू झालं. खाऱ्या हवेत रात्रीत गंज धरतो, म्हणून रोज काम संपलं की तेलाचा बोळा फिरायचा. स्क्रूमध्ये थोडी ढिलाई होतीच; तेव्हा कटरच्या फिरण्याच्या उलट दिशेनंच जॉब सरकवायचा, नाहीतर कटर तो आत ओढून घेई. त्या मशीनवर घाई चालत नसे. पण बंदरावरून "मिस्तरी, भरतीच्या आत शाफ्ट दे रं बाबा" अशी हाक आली, तर शाफ्ट भरतीच्या आत मिळायची.

संपानं त्यांची नोकरी नेली, हातातलं कसब नेलं नाही. ज्या वर्कशॉपांनी त्यांना घडवलं, त्या गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि टॉवर आहेत. शेंदूर लावून सपाटी बघणारा फिटर आज आमच्या पट्ट्यात शोधून सापडत नाही. आणि आता खाच बिघडली, की शाफ्ट पुन्हा भाऊच्या धक्क्याची वाट धरते.