भांडे तसे दळण

गहू तोच असतो. पण पोळीसाठी त्याची कणीक होते, शिऱ्यासाठी रवा आणि लापशीसाठी भरड. हे आपल्या घरातल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. कॉफीच्या बाबतीत मात्र आपण एकच पूड आणतो, ती हवी त्या भांड्यात घालतो, आणि कॉफी कडू झाली की बियांना नावे ठेवतो. ज्या शेतकऱ्याने ती लाल फळे एकेक करून खुडली, वाळवली, त्याच्या वर्षाच्या कष्टांवर शेवटच्या पाच मिनिटांत असे पाणी पडते.

यातले मर्म सोपे आहे. गरम पाणी पुडीतून आधी आंबट अंश ओढते, मग गोडसर आणि शेवटी कडू-तुरट. पूड बारीक असेल तर हे काम झटपट होते. जाड असेल तर सावकाश. म्हणून पाणी पुडीपाशी जितका कमी वेळ थांबणार तितके दळण बारीक हवे. हा नियम काही कोण्या प्रयोगशाळेतून निघाला नाही. माणसे एकेक भांडे घडवीत गेली आणि दळण त्याच्या मागोमाग बदलत गेले.

येमेनमधले सूफी साधक रात्रीच्या जागरणासाठी कॉफी पीत, ही पंधराव्या शतकातली गोष्ट. अरबस्तानच्या वाळवंटात भाजलेल्या बिया खलात कुटण्याची रीत पडली. त्या कुटण्याचा ठेका ऐकू आला की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ओळखावे, कॉफी होते आहे, चला! खलात कुटलेली पूड ओबडधोबडच राहणार. पण तिथे कॉफी बराच वेळ उकळत, त्यामुळे जाड पूड चालून जाई.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे निघाली. तुर्कांची तऱ्हा निराळी. लांब दांड्याचे लहानसे भांडे, त्यात पाणी आणि पूड एकत्र, मंद आच. फेस वर चढला की भांडे खाली उतरवायचे. खळखळून उकळू द्यायचे नाही. गाळणे तर नाहीच. गाळ पेल्याच्या तळाशी बसू द्यायचा आणि वरची कॉफी घुटक्या-घुटक्याने प्यायची. याला पूड हवी ती आपल्या बुक्क्यासारखी, चिमटीत कण न लागणारी. त्यासाठी पितळेच्या उभट हातचक्क्या आल्या. गंमत अशी, की पुष्कळ काळ लोक कच्च्या बिया नेत आणि घरीच भाजून दळत. १८७१ मध्ये इस्तंबूलच्या मेहमेत एफेंदीने भाजून दळलेली तयार पूड विकायला काढली आणि त्याचे नाव घरोघर झाले. या तुर्की कॉफीच्या परंपरेला २०१३ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

युरोपातल्या लोकांना पेल्यातला हा गाळ मानवला नाही. कापडी पिशव्या झाल्या, भोकांची भांडी झाली. तरी बारीक पूड भोकांतून खाली यायचीच. यावर उपाय सापडला तो एका गृहिणीला. ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ यांनी पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला आणि १९०८ मध्ये त्याचा हक्क नोंदवून घेतला. कागदावर मात्र बुक्का चालत नाही, कागद तुंबतो. तिथे मध्यम, बारीक रव्यासारखे दळण लागते.

इटलीने घाई केली. मिलानच्या बेझेरा यांनी १९०१ मध्ये वाफेच्या जोराने कॉफी काढणाऱ्या यंत्राच्या हक्कासाठी अर्ज केला. पुढे गाज्जिया यांची दांडा ओढून दाब देणारी यंत्रे १९४८ पासून बाजारात आली. पाणी अर्ध्या मिनिटात पार होते, तेव्हा दळण कणकेसारखे बारीकच हवे. याउलट, दट्ट्याने पूड खाली दाबायच्या भांड्यात ती चार मिनिटे पाण्यात भिजत असते. तिथे लापशीची भरड बरी.

आता आपल्या देशाकडे वळू. बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. दक्षिणेतल्या घरांत पुढे दोन मजली फिल्टर रुळला. वर पूड, खाली ठिबकणारा अर्क. हे काम पंधरा-वीस मिनिटे चालते. चिकोरी मिसळली असेल तर ती फुगून पाणी आणखी अडवते. म्हणून इथली पूड मध्यमाहून किंचित बारीक, पण तुर्की पुडीपेक्षा बरीच जाड. मुंबईत माटुंग्याला दाक्षिणात्य वस्ती आहे. तिकडे कॉफी दळून घ्यायला गेलात तर कोणत्या भांड्यासाठी हवी ते आधी सांगावे. आपल्या महाराष्ट्रातही विदर्भात चिखलदऱ्याला थोडी कॉफी पिकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

घरच्या मिक्सरबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. त्याचे पाते बिया दळत नाही, तोडते. मग निम्मी भुकटी, निम्मी भरड. भुकटी कडवटते आणि भरड कच्चीच राहते. जात्याच्या तत्त्वावर चालणारी हातचक्की उत्तम, कारण दोन पाळ्यांमधले अंतर ठरवता येते. आणि दळायचे ते लागेल तेवढेच, कारण पुडीचा वास लवकर उडतो.

फिल्टर घरात असेल तर उद्या सकाळी पाहा. अर्क तासाभरातही खाली उतरला नाही, तर पूड फार बारीक आहे. पाणी सरसर खाली आले आणि अर्क चहासारखा पातळ निघाला, तर चक्की थोडी आवळा.