दोन वेळा जेवण, ५५ मिनिटांत : ‘दीक्षित’ सुरू करण्याआधी हे वाचा

‘दीक्षित सुरू केलंय’ हे वाक्य आता गावाकडेही नवं राहिलेलं नाही. मूळ कल्पना नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांची. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती आधी स्वतःवर करून पाहिली आणि मग राज्यभर पोहोचवली.

नियम सोपा आहे. कडक भूक लागते त्या दिवसातल्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा चालतो. प्रत्येक खाण्यामागे शरीरात इन्सुलिन तयार होतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करायच्या, असं यामागचं म्हणणं. सोबत आठवड्यातून ५ दिवस ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं.

बाजरीची भाकरी, पिठलं, मटण, सगळं चालतं. वेळाही ज्याच्या त्याने ठरवायच्या. त्यामुळे रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्यालाही हे जमू शकतं. पाळी बदलली की मात्र गाडी घसरते, तेव्हा डब्याची वेळ आधीच ठरवलेली बरी. दौंड हा गुऱ्हाळांचा तालुका. पण साखरेऐवजी गूळ चालतो, हा समज इथे कामाचा नाही. गुळाचा चहाही बंदच.

एकट्याने हे टिकत नाही. म्हणून व्हॉट्सअॅपवर मोफत गट चालतात. सुरुवातीला उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एचबीएवनसी तपासायचं, वजन-कंबर मोजायची, गटात शंका विचारायच्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. गट नसेल तर भावकी, बचत गट किंवा सकाळी फिरायला येणारी मंडळीही चालतील.

सगळ्या तज्ज्ञांना हे पटत नाही. ऋजुता दिवेकर थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खायला सांगतात. दोन्ही एकत्र करणं मात्र चुकीचं.

वजन जास्त आहे का, हे आधी बघा. भारतीयांसाठी बीएमआय २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, म्हणजे १६० सेंमी उंचीला ६४ किलो. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंमीच्या आत हवी.

गरोदर महिला, १८ वर्षांखालील मुलं आणि टाइप-१ मधुमेहींनी हा प्रयोग करू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी होताच साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणं. अशांनी डोस डॉक्टरांकडून ठरवून घेऊनच सुरुवात करावी. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब-साखर तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.