शिंकं, सूप आणि वहाण : प्रदर्शनात न मांडलेला इतिहास

गेल्या जानेवारीत मी पणजीला गेलो होतो. मुलगी तिथे नोकरीला आहे. भूमहून बार्शी, पंढरपूर, कोल्हापूर असा एसटीचा लांबचा प्रवास. बालाघाटाच्या माळावरचा माणूस समुद्र पाहायला म्हणून सहसा घराबाहेर पडत नाही. मीही मुलीसाठीच निघालो होतो. मिरामारच्या वाळूत पाय बुडवून झाल्यावर ती म्हणाली, "चला पप्पा, कांपालला लोकोत्सव भरलाय. तुम्हांला आवडेल."

मांडवीच्या काठी, कला अकादमीच्या परिसरात हे उघड्यावरचे प्रदर्शन भरते. गोवा शासनाचे कला व संस्कृती संचालनालय आणि उदयपूरचे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र हे त्यामागे असतात. निरनिराळ्या राज्यांतले कारागीर आपापला माल घेऊन येतात, संध्याकाळी मंचावर लोकनृत्ये होतात, समोर नदीत जहाजांचे दिवे लुकलुकतात. गर्दी हौशी होती. माणसे एकेक वस्तू हातात घेऊन निरखीत होती, कौतुक करीत होती. मलाही बरे वाटले. हातांच्या कामाचे कौतुक व्हावे, यात वाईट काय?

मग एका दुकानाशी मुलगी थांबली. तिथे दोराची शिंकी टांगलेली होती. शहरातल्या बाल्कनीत झाडाच्या कुंड्या अडकवण्यासाठी. विकणारी तरुणी चांगल्या घरातली, शिकलेली दिसत होती. हे काम ती एका वर्गात शिकली असे तिने सांगितले. मुलीने एक शिंकं निवडले. साडेचारशे रुपये. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "हाताचं काम आहे, पप्पा. एवढे पडणारच."

मी काही बोललो नाही. त्या शिंक्याची गाठ मी ओळखली होती. माझा बाप ती गाठ डोळे मिटून मारायचा. आणि ही गोष्ट माझ्या मुलीला ठाऊक नव्हती. कारण मीच ती तिला कधी सांगितली नव्हती.

आम्ही मातंग. गावाच्या तोंडी मांग. बांधावरचे घायपात कापायचे, ते पाण्यात कुजत घालायचे, मग बडवून वाख काढायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मांडीवर वळून दोर करायचा. घायपाताच्या रसाने अंगाला खाज सुटते, हातांची सालपटे निघतात. कुजल्या वाखाच्या वासामुळे आमच्या झोपड्या गावापासून दूर बऱ्या, असे गाव म्हणे. पण त्याच वाखाचा नाडा मोटेला लागे, त्याचाच कासरा, त्याचेच दावे, त्याचीच वेसण. दुभत्याचे मडके मांजरापासून वाचवायचे तर आमचेच शिंके. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवी कोरी दोरी चढे, ती वळणारे हात मात्र वाड्याच्या पायरीखाली थांबत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजायची, ती शिंदीच्या पानांची केरसुणी बांधणारेही आम्हीच. केरसुणीला हळदकुंकू लागे. बांधणारीच्या पदरात भाकरी वरून पडे.

या सगळ्याचा मोबदला म्हणजे सुगीत खळ्यावर मिळणारे बलुते. त्याला भाव नव्हता, मोजमाप नव्हते. देणाऱ्याच्या मर्जीवर पसा नाहीतर सूप. काम नाकारण्याची सोय नव्हती, हे त्यातले मुख्य सूत्र. जो काम नाकारू शकत नाही, त्याच्या कामाची किंमत ठरत नसते.

बाप मला वाखाला हात लावू द्यायचा नाही. एकदा मी हौसेने दोर वळायला बसलो तर पाठीत धपाटा बसला. "ह्यो वाख हाताला लागू देऊ नगंस. एकदा का हाताला सवं लागली, की गाव तुला शाळंत बसू देत न्हाई," असे तो म्हणाला. पुढे विहिरींवर इंजिने आली, मोटा उतरल्या, बाजारात नायलॉन आले. १९७२च्या दुष्काळात बाप खडी फोडायला गेला तो पुन्हा दोराकडे वळला नाही. मी शिकलो, मास्तर झालो. बापाची विद्या त्याच्याबरोबर गेली. मी त्याबद्दल कधी हळहळलो नाही आणि आजही हळहळत नाही. मग त्या दुकानापुढे माझ्या घशात आवंढा का आला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला इतिहासाकडे जावे लागले.

अशा प्रदर्शनांची परंपरा जुनी आहे. १८८६ साली लंडनमध्ये वसाहतींचे आणि हिंदुस्थानचे मोठे प्रदर्शन भरले. सुमारे ५५ लाख माणसांनी ते पाहिले. तेथे हिंदुस्थानातले कारागीर प्रत्यक्ष काम करताना दाखवले होते. हे पिढीजात ग्रामीण कसबी, असा पाहणाऱ्यांचा समज करून दिलेला होता. वास्तवात त्यांतले बहुतेक आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते आणि गालिचे विणण्यासारखे हस्तव्यवसाय त्यांना तुरुंगात शिकवले गेले होते. त्यांत बक्षीराम नावाचा वृद्ध कुंभार होता. त्याचे वय १०२ सांगितले जाई. व्हिक्टोरिया राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. चित्रातला चेहरा भव्य आहे. त्यात तुरुंग कोठेही दिसत नाही.

मला वाटते, प्रदर्शनाचा गुणधर्म असा की ते वस्तू आणि हात दाखवते, पण हातांवरची सक्ती दाखवत नाही. लंडनमध्ये तुरुंगाची भिंत दिसली नाही, आपल्याकडे गावकुसाची दिसत नाही.

आमच्या मुलखात याची दुसरी बाजूही आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातील जातिजमातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९२० साली निघाला. त्यात जातवार प्रकरणे आहेत. प्रत्येक जातीचे चालीरीतींसह वर्णन आणि तिचा धंदा. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. पुढे मेळे आले, १९८७ साली सूरजकुंडचा मेळा सुरू झाला. आता कागदावर जातीऐवजी ‘पारंपरिक हस्तकला’ हा शब्द आला. पहिल्या नोंदीत जात होती आणि माणूस नव्हता. दुसऱ्या नोंदीत वस्तू आहे, पण ‘परंपरा’ या गोड शब्दाखाली काय काय दडले आहे, ते नाही.

त्याच संध्याकाळी मला दुसरी एक गोष्ट दिसली आणि ती या लेखाचे खरे निमित्त ठरली. एका कोपऱ्यात गोव्याचीच एक म्हातारी बांबूची सुपे, रोवळ्या, टोपल्या घेऊन बसली होती. बोटे सराईतपणे चालत होती. आमच्याकडे हे काम बुरुडाचे. मी सहज विचारले, "मावशी, तुम्ही बुरूड का?" तिने मान हलवली. म्हणाली, आम्ही महार. गोव्यात हे काम महारांचेच.

मी चमकलो. मराठवाड्यातल्या महाराच्या हातात बांबूचे काम कधी नव्हते. तो गावकीचा वेसकर, येसकर, निरोप्या, मेलेली ढोरे ओढणारा. घाट उतरून गोव्यात आले की तोच बांबू महाराच्या हातात. म्हणजे कसब रक्तातून येते, ते देवाने ज्याला त्याला वाटून दिले आहे, ही जी शिकवण आपल्याला हजारो वर्षे दिली गेली, तिचा खोटेपणा त्या म्हातारीच्या एका सुपात होता. रक्त तेच असते तर घाटाखाली धंदा कसा बदलला? ज्या गावाला जी घाण, जी खाज, जी बिनमोलाची मेहनत खालच्यांवर टाकावीशी वाटली, ती त्या गावाने टाकली. नंतर तिला ‘पिढीजात’ म्हटले. आणि ती शिंकी विकणारी शिकलेली तरुणी? तिने तीच गाठ एका वर्गात शिकून घेतली. तिचा दोष काही नाही. उलट कसब शिकता येते, कोणालाही येते, याचा ती जिवंत पुरावा आहे. तिच्यात आणि माझ्या बापात फरक एवढाच की तिने ते निवडले आणि उद्या ती ते सोडूही शकते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी तयार केलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात हेच मांडले आहे. जातिव्यवस्था केवळ कामे वाटून थांबत नाही, ती कामकऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते, त्यांची उतरंड लावते आणि माणसाची आवड व कुवत न विचारता जन्मावरून धंदा ठरवते, असा त्यांचा युक्तिवाद. ही उतरंड आपल्यातही होती, हे कबूल केले पाहिजे. चांभार मांगाला दूर धरी, महार-मांगांचा पाणवठ्यावरून तंटा असे. प्रदर्शनात शेजारी शेजारी मांडलेल्या वहाणा, सुपे आणि दोर गावात कधी एका ओट्यावर आले नव्हते.

या व्यवस्थेतून बाहेर पडण्याचे मार्ग आपल्याच इतिहासात आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात बलुतेदारीची सक्ती मोडली. बाबासाहेबांनी मार्च १९२७मध्ये महाडला मेलेल्या जनावरांचे मांस सोडा, गावकीची हलकी कामे सोडा असे सांगितले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. या दोघांनी कारागिराचे कौतुक केले नाही, त्याला नकाराचा हक्क दिला. माझ्या बापाने पाठीत घातलेला धपाटा हा त्याच हक्काचा एक अडाणी वापर होता, हे मला आता कळते.

कोल्हापुरी चपलेची हकिगत ताजी आहे. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले कातडे ढोरांचे, त्यावरची शिलाई चांभारांची. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या ८ जिल्ह्यांसाठी. ते महाराष्ट्राच्या संत रोहिदास आणि कर्नाटकाच्या डॉ. बाबू जगजीवन राम यांच्या नावाच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. जून २०२५मध्ये मिलान येथे प्राडा या कंपनीने तशाच चपला आपल्या प्रदर्शनात आणल्या, मूळ न सांगता. ओरड झाली, मग कंपनीने ऋण मान्य केले आणि डिसेंबर २०२५मध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला. ठीक झाले. पण त्या वादात ‘महाराष्ट्राची अस्मिता’ हा शब्द जितक्या वेळा आला, तितक्या वेळा ढोर आणि चांभार हे शब्द आले का? वहाण सगळ्या महाराष्ट्राची झाली आणि ती शिवणारा मात्र आपल्या गल्लीतच राहिला.

वहाणेची याहून जुनी साक्ष कल्याणची आहे. आजचे बसवकल्याण १९४८पर्यंत आमच्याच हैदराबाद संस्थानात होते. बाराव्या शतकात तेथे बसवण्णांच्या शरणांत हरळय्या हा चर्मकार होता. त्याने आणि त्याच्या पत्नीने आपल्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी वहाणा केल्या, अशी कथा सांगतात. या कथेचे सर्वांना कौतुक आहे. पण त्याच हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झाला, तेव्हा दोन्ही बापांना देहदंड झाला. वहाण स्वीकारणे सोपे, सोयरीक स्वीकारणे अवघड. आठशे वर्षांनंतरही कौतुकाची खरी कसोटी हीच आहे.

आणि आता सरकारी योजना. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, नेमक्या आपल्या मराठवाडा मुक्तिदिनी, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ धंद्यांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, स्वस्त व्याजाचे कर्ज. धंद्यांच्या यादीत चर्मकार आहेत, टोपली-चटई-झाडू करणारे आहेत. जो आज हे काम करून पोट भरतो, त्याला ही मदत मिळालीच पाहिजे. त्याला कोणी नाही म्हणू नये. पण अठराव्या वर्षी झाडूवाल्याच्या पोरापुढे कर्जासाठी झाडूचा आणि शिष्यवृत्तीसाठी कॉलेजचा असे दोन्ही दरवाजे सारखेच उघडे आहेत का, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात तपासावे. एक दार सताड उघडे आणि दुसरे किलकिले असेल, तर ते बलुतेच, फक्त बँकेमार्फत.

मग आपण काय करावे? प्रदर्शनावर बहिष्कार टाकून काही साधणार नाही. कसब आपले आहे, ते टाकून देण्याची लाज नको. सक्ती आपली नव्हती, तिचा गौरव नको. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या गावातल्या शेवटच्या दोर वळणाऱ्याकडे, केरसुणी बांधणारीकडे, कातडे कमावणाऱ्याकडे बसून कामाची रीत, तिला मिळालेला मोबदला, सोसलेला अपमान आणि काम सोडण्याची हकिगत, हे सारे त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावे. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मातंग समाजातल्या मुक्ता साळवेने आपल्या लोकांचे दुःख स्वतःच्या नावाने लिहिले. आपल्या इतिहासलेखनाची ती सुरुवात आहे. पुढची पाने आपण लिहायची आहेत. हा कागद वस्तूच्या शेजारी टांगला गेला, तरच ते प्रदर्शन पुरे होईल.

रात्री घरी आल्यावर मुलीने शिंकं बाल्कनीत अडकवले, त्यात कुंडी ठेवली. मी म्हणालो, "बस जरा. या गाठीबद्दल तुला काही सांगायचंय." ती बसली. वाखापासून सुरुवात केली. घायपाताच्या खाजेचे सांगितले, खळ्यावरच्या पशाचे सांगितले, पाठीतल्या धपाट्याचे सांगितले. तिने मध्ये एकदाच विचारले, "पप्पा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

याचे उत्तर मला देता आले नाही. ते देता यावे म्हणून हा लेख लिहिला आहे.